पाळीच्या वेळेवरची चूल : गिरणगावातल्या खानावळवाल्या बायका

१

फेब्रुवारी १९८१ मधली गोष्ट आहे. लालबागच्या आमच्या चाळीत जनगणनेचे मास्तर आले होते. महापालिकेच्या शाळेत शिकवणारे, काखेत फॉर्मांचा गठ्ठा. वडील रातपाळी करून आले होते, म्हणून दारात तेच बसले आणि उत्तरं त्यांनीच दिली. स्वतःचं नाव, वय, गाव, तालुका संगमेश्वर. व्यवसाय, गिरणीत विणकर. मग मास्तरांनी आईबद्दल विचारलं. वडील म्हणाले, “ती घरीच असते.” मास्तरांनी मान डोलावून काहीतरी लिहिलं आणि ते पुढच्या खोलीकडे वळले.

त्या वेळी आई माझ्या मागे तीन हातांवर बसून भाकऱ्या थापत होती. रातपाळीचे चौघे भिंतीला टेकून ताटाची वाट बघत होते. आमच्या दहा बाय बारा फुटांच्या खोलीत रोज अकरा माणसं पैसे देऊन जेवत होती. हे मास्तरांना दिसत होतं, वडिलांना ठाऊक होतं, आणि मी तर पीठ मळून दिलं होतं. तरीही ‘घरीच असते’ या उत्तरात कुणालाच काही खोटं वाटलं नाही. ते खोटं नव्हतंही. ती घरीच होती.

आई २०१६ साली गेली. मृत्यूच्या नोंदीच्या फॉर्मात मृत व्यक्तीच्या व्यवसायाचा रकाना असतो. तिथं मी ‘गृहिणी’ असं लिहिलं. तोपर्यंत गिरणगावाच्या इतिहासावर वाचन करण्यात माझी वीसेक वर्षं गेली होती. मी इतिहासाची पदवीधर नाही. बाहेरून बी.ए. केलं, एका खासगी कंपनीत टायपिस्ट होते, आणि शनिवारी दुपारी दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात जाऊन बसायचे. गिरणी कामगारांवर चार-दोन लेखही लिहिले होते. त्यातल्या एका स्मरणिकेतल्या लेखात ‘वडिलांच्या एकट्याच्या पगारावर आम्ही दोघं भावंडं शिकलो’ असं वाक्य आहे. ते माझंच आहे.

दोन महिन्यांनी आईची पत्र्याची ट्रंक आवरताना तळाशी दोन गोष्टी सापडल्या. एक म्हणजे १९७९ सालच्या बँकेच्या कर्जाचा कागद. त्यावर ‘व्यवसाय’ या शब्दापुढे निळ्या शाईत लिहिलं होतं, ‘खानावळ’. खाली आईची सही. दुसरी गोष्ट म्हणजे तिच्या हिशेबाच्या तीन वह्या. आईच्या हयातीत तिचा धंदा लिहिलेला हा एकच सरकारदरबारी चालेल असा कागद मला मिळाला. प्रस्तुत लेख त्या कागदावरून आणि वह्यांवरून लिहिला आहे. माझ्या जुन्या वाक्याची दुरुस्ती हाही त्याचा हेतू आहे.

२

खानावळ गिरणगावात का उभी राहिली, हे समजायला थोडं मागे जावं लागतं. कावसजी दावर यांनी मुंबईतली पहिली कापडगिरणी १८५४ साली स्थापन केली आणि दोन वर्षांनी ती ताडदेवला सुरू झाली. पुढच्या अर्ध्या शतकात परळ, लालबाग, भायखळा, वरळी या पट्ट्यात गिरण्यांची रांग लागली. कामाला माणसं आली ती कोकणातून आणि घाटावरून, मुख्यतः रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर, पुणे या भागांतून. बहुतेक पुरुष एकटे आले. गावची शेती पोटाला पुरत नव्हती आणि शहरातला पगार कुटुंबाला पुरत नव्हता. म्हणून बायको-मुलं गावी आणि नवरा मुंबईत, असा संसार दोन ठिकाणी विभागला गेला. १९२१ च्या जनगणनेत मुंबईतल्या बायकांचं प्रमाण पुरुषांच्या निम्म्याहून जेमतेम अधिक दिसतं, त्याचं कारण हेच.

या एकट्या पुरुषांनी गावकीच्या खोल्या घेतल्या. एकेका खोलीत वीस-पंचवीस जण, पाळीप्रमाणे झोपायचे. वळकटी आणि ट्रंक एवढीच प्रत्येकाची मालमत्ता. तिथं चूल पेटवणं शक्य नव्हतं आणि गिरणीतून आल्यावर अंगात त्राणही नसायचं. १९११ च्या कायद्यानं कापडगिरणीतला पुरुषांचा दिवस बारा तासांचा ठरवला होता. १९२२ च्या कायद्यानं ती मर्यादा अकरा तासांवर आली. अशा माणसाला कुणीतरी रांधून वाढणारं हवं होतं. जिचा नवरा तिला मुंबईत घेऊन आला होता, अशी गावातली, नात्यातली, जातीतली एखादी बाई ते काम करू लागली. म्हणून खानावळी बहुधा गाव आणि जात बघून वाटलेल्या असत. कोकण्यांच्या खानावळीत भात, सुकट आणि कालवण, तर घाटावरच्यांच्या खानावळीत ज्वारीची भाकरी आणि झणझणीत आमटी. ‘वैनीकडे जेवतो’ असं माणसं सांगत. धंद्याचं नातं दिराच्या नात्यात बसवलेलं होतं. त्याचा फायदा दोन्ही बाजूंना होता आणि तोटा एकाच बाजूला. तो कसा, हे पुढे येईल.

मुंबई सरकारच्या कामगार कार्यालयानं १९२१-२२ मध्ये कामगारांच्या जमाखर्चाची पाहणी केली. फिंडले शिरास यांचा तो अहवाल १९२३ साली प्रसिद्ध झाला. कुटुंबांच्या बरोबरीनं एकट्या राहणाऱ्या पुरुषांचाही हिशेब त्यात स्वतंत्रपणे मांडला आहे. जेवणावर त्याचा किती पैसा जातो, गावी किती जातो, हे कळतं. माझ्यासारखीला हा अहवाल म्हणजे खजिनाच. पण त्या पाहणीचा रोख कामगाराच्या खर्चावर आहे. जेवणाचे ते पैसे ज्या खोलीत पोचले, तिथल्या बाईचे तास मोजणं हा तिचा विषयच नव्हता.

३

मग गिरणीतल्या बायकांचं काय? त्या होत्या. वाइंडिंग आणि रीलिंग खात्यांत मुख्यतः बायकाच काम करत. १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांतल्या कामगारांत साधारण पाचवा हिस्सा बायकांचा होता. पुढे तो सतत घसरत गेला. रातपाळीवर बायकांना बंदी होती. १९२९ साली मुंबई इलाख्यात बाळंतपणाच्या लाभाचा कायदा झाला. कायदा चांगलाच होता, पण त्याचा खर्च मालकावर पडत असल्यामुळे बाईला कामावर घेणं मालकांना महाग वाटू लागलं. त्यात यंत्रांची आणि खात्यांची फेररचना झाली आणि बायकांची खातीच आकसली. संपाच्या दिवसांत मी शाळेत होते, तोवर आमच्या मजल्यावर गिरणीत जाणारी एकच बाई उरली होती आणि तीही निवृत्तीला आलेली.

म्हणजे ‘आई घरी राहून चार पैसे मिळवते’ ही काही सोयीनं निवडलेली वाट नव्हती. कारखान्याचं दार बंद होत गेलं तसतसं काम खोलीत आलं. मी २००९ साली आईला सरळ विचारलं होतं, “तू कधी कामाला का नाही गेलीस?” तिचं उत्तर माझ्या टिपणवहीत आहे. “तुम्हा दोघांना कुठे ठेवणार होते?” थोड्या वेळानं तिनं आणखी एक गोष्ट सांगितली. जनगणनेच्या मास्तरांचा विषय मीच काढला होता. ती म्हणाली, “मला विचारलं असतं तर मीसुद्धा तेच सांगितलं असतं. बाई काम करते म्हटलं की नवऱ्याचं भागत नाही असं लोक धरून चालतात.”

या उत्तरामुळे माझ्या मनातला एक राग निवळला. तोवर मी दोष जनगणनेला देत होते. नंतर १९८१ च्या सूचना वाचल्या. आर्थिकदृष्ट्या उत्पादक कामातला सहभाग म्हणजे काम, ही त्यांची व्याख्या होती. त्यानुसार आईची खानावळ निर्विवादपणे कामातच मोडत होती. वर्षातला थोडाच काळ काम करणाऱ्यांसाठीही त्या वर्षी ‘सीमांत’ असा वेगळा वर्ग केला होता. व्याख्येत खोट नव्हती. प्रश्न कुणाला विचारला आणि त्यानं अब्रू सांभाळून काय उत्तर दिलं, तिथं नोंद हुकली.

४

आता वह्यांकडे येऊ. दोनशे पानी, एकेरी रेघांच्या. आई चौथीपर्यंत शिकली होती. माणसांची नावं ती लिहीत नसे, गावाची किंवा खुणेची अक्षरं लिहीत असे. देवरूखवाला, उंच, नाइटवाला. प्रत्येकाच्या नावापुढे महिन्याच्या तीस खुणा. जेवला तर उभी रेघ, गैरहजर तर टिंब.

नोव्हेंबर १९८१ चं पान नमुन्यादाखल घेते. माणशी १३० रुपये, अकरा जण, जमा १,४३०. खर्चात वाण्याचे ६९०, मासळी आणि भाजी ३१०, रॉकेल ९५, चहा-साखर-दूध ९०. एकूण १,१८५. उरले २४५. त्यातले ५० बँकेच्या हप्त्याला गेले. हाती राहिले १९५ रुपये. बाकी घराला वाटायचं, एवढी मरमर करून दोनशेसुद्धा सुटत नाहीत.

पण हा हिशेब अपुरा आहे. त्याच पातेल्यातून आम्ही चौघं जेवत होतो. आमचा वेगळा बाजार कधी झालाच नाही. दोन मोठ्यांचे पूर्ण आणि दोन मुलांचे अर्धे असे खानावळीच्या दरानं पैसे धरले, तर ३९० रुपये होतात. ते १९५ मध्ये मिळवले की ५८५. त्या काळी वडिलांच्या हाती पडणारा पगार सातशेच्या आत होता आणि त्यातले काही दरमहा संगमेश्वरला मनीऑर्डरनं जात. चौघांचं पोट आईच्या पातेल्यावर भरलं, म्हणूनच वडिलांच्या पगारातून खोलीचं भाडं, शाळेची वह्या-पुस्तकं आणि गावचे पैसे निघाले. ‘वडिलांच्या एकट्याच्या पगारावर’ हे माझं वाक्य आकड्यांवर टिकत नाही.

आता वेळेचा हिशेब. घरबसल्या कामाचं मोठं आकर्षण म्हणजे आपल्या सवडीनं करता येतं, असं आजही सांगितलं जातं. आईची सवड गिरणीच्या भोंग्याला बांधलेली होती. पहिली पाळी सकाळी सात ते साडेतीन, दुसरी साडेतीन ते मध्यरात्री बारा, तिसरी बारा ते सात. खानावळीतली माणसं तिन्ही पाळ्यांत विखुरलेली. म्हणून आई चारला उठायची. नळाला पाणी येईपर्यंत पीठ मळून तयार. साडेसहाच्या आत पहिल्या पाळीचे डबे. सव्वासातला रातपाळीचे परत येऊन जेवायला बसत. अडीचला दुसऱ्या पाळीच्या माणसांचं जेवण. संध्याकाळी आठला पहिल्या पाळीचे. अकराच्या आत रातपाळीला जाणाऱ्यांची पंगत, आणि साडेबाराला दुसऱ्या पाळीहून येणाऱ्यांसाठी झाकून ठेवलेली ताटं. ती ताटं वाढायला कधी आई उठायची, कधी मी. पाळ्या बदलल्या की कोण कुठल्या पंगतीला, हे वहीत नव्यानं लिहिलं जायचं.

या सगळ्याच्या मधल्या वेळेत आमचं आजारपण, शाळा, धाकट्याला गोवर, गावाहून आलेले पाहुणे, चाळीतली बाळंतपणं. काम सवडीचं नव्हतं. आई सगळ्यांच्या वेळेप्रमाणे वाकत होती, म्हणून ते सवडीचं दिसत होतं. शिवाय दुपारच्या पंगतीला ताटं मांडायची म्हणून सातवीत असताना माझे शाळेचे शेवटचे दोन तास बऱ्याचदा बुडत. भावाचे कधी बुडले नाहीत. हेही त्या जमाखर्चात धरायला हवं.

५

खानावळीचा खरा कस लागायचा भांडवलापाशी. गिरणीचा पगार महिन्यातून एकदा. माणसं महिनाभर जेवणार आणि पगार झाल्यावर पैसे देणार. तांदूळ, पीठ, तेल मात्र रोज लागणार. मधला महिना बाईनं स्वतःच्या पदरानं काढायचा. त्यासाठी वाण्याची उधारी, आणि उधारीतला माल रोखीपेक्षा महाग. ती कमी पडली की दागिना गहाण, नाहीतर व्याजानं पैसे देणारे पठाण आणि सावकार होतेच. म्हणजे खानावळवाली ही नुसती स्वयंपाकीण नव्हती. अकरा कामगारांना दरमहा महिन्याभराचं कर्ज देणारी ती धनको होती, आणि त्यासाठी स्वतः दुसऱ्याची ऋणको होती.

या गाठीवर नेमकं बोट ठेवलं ते प्रेमा पुरव यांनी. गोवा मुक्तिसंग्रामात पायाला गोळी लागलेल्या या कार्यकर्त्या मुंबईत कामगार चळवळीत काम करत होत्या. १९७४ साली गिरण्यांचा ४२ दिवसांचा संप झाला. पगार बंद असतानाही खानावळवाल्या संपकऱ्यांना जेवू घालत होत्या, त्यासाठी भांडी आणि दागिने गहाण टाकत होत्या. संप मिटल्यावर कामगारांची बोलणी झाली, पण या बायकांच्या कर्जाचा विषय कुणाच्याच मागणीपत्रात नव्हता. १९७५ साली, आंतरराष्ट्रीय महिला वर्षात, १४ बायकांना घेऊन अन्नपूर्णा महिला मंडळाची सुरुवात झाली. १९६९ मध्ये १४ मोठ्या बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं होतं आणि दुर्बल घटकांना कर्ज द्या असा सरकारचा आग्रह होता. तारण नसलेल्या बायकांनी गट करून एकमेकींची हमी घ्यायची आणि बँकेकडून खेळतं भांडवल उचलायचं, असा मार्ग निघाला. पुढे हजारो बायका या मंडळाशी जोडल्या गेल्या. प्रेमाताईंना २००२ साली पद्मश्री मिळाली.

१९७९ सालचा आईचा कागद याच वाटेनं आलेला. आमच्या मजल्यावरच्या पाच जणींचा गट झाला होता. आईला नाव लिहिता येत होतं, पण सही म्हणून एका दमात लिहायची सवय नव्हती. आठ दिवस ती माझ्या पाटीवर नाव गिरवत होती, हे मला लख्ख आठवतं. बँकेत जाताना तिनं लग्नातलं लुगडं नेसलं होतं. वडील बरोबर गेले नाहीत. बाईच्या नावावर कर्ज ही कल्पना त्यांना पटली नव्हती, पण वाण्याची थकबाकी एकरकमी फिटलेली पाहून ते नंतर काही बोलले नाहीत. वहीत त्या महिन्यापासून वाण्याचा आकडा खाली आलेला दिसतो. रोखीनं घेतलेला माल स्वस्त पडत होता. बँकेच्या कर्जानं काम कमी झालं नाही, पण कामाचे पैसे आईच्या हातात थोडे अधिक राहू लागले.

६

घरबसल्या कमाईचे दुसरे नमुनेही याच शहरात आणि याच राज्यात घडत होते. तुलना केली म्हणजे खानावळीचं वेगळेपण कळतं.

लालबागपासून दोन-तीन मैलांवर, गिरगावात, १५ मार्च १९५९ रोजी सात गुजराती बायका एका इमारतीच्या गच्चीवर पापड लाटायला बसल्या. ८० रुपये उसने घेतलेले. पहिल्या दिवशी पापडाची चार पाकिटं झाली. लिज्जत पापडाचा तो आरंभ. पुढे काम वाढल्यावर पद्धत अशी बसली की सकाळी केंद्रावरून मळलेलं पीठ न्यायचं, घरी लाटून वाळवायचं आणि दुसऱ्या दिवशी पापड देऊन मजुरी घ्यायची. लाटणारी प्रत्येक जण संस्थेची सभासद, तिला ‘बहेन’ म्हणायचं, आणि नफ्यात वाटा. १९६६ साली संस्थेची रीतसर नोंदणी झाली आणि खादी ग्रामोद्योग आयोगाची मान्यता मिळाली. संस्थापकांपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. इथं माल विकण्याची आणि उधारी वसूल करण्याची धास्ती लाटणाऱ्या बाईच्या डोक्यावरून उतरली. पापड लाटला की पैसे. माझ्या आईला ही निश्चिंती कधीच मिळाली नाही.

दुसरं टोक सोलापूर आणि सिन्नरच्या बिडीकामाचं. पानं आणि तंबाखू घरी न्यायची, हजारावर मजुरी. तपासणीत खराब ठरवून बाजूला काढलेल्या बिड्यांचे पैसे नाहीत. बिडी आणि सिगार कामगारांचा कायदा १९६६ साली झाला आणि घरी बसून वळणारीही कामगार आहे, हे त्यानं मान्य केलं. ही मान्यता मोठी होती, कारण ओळखपत्र, भविष्यनिर्वाह निधी, घरांच्या योजना या गोष्टी त्यानंतरच मागता आल्या. सोलापूरजवळ कुंभारीला गोदूताई परुळेकरांच्या नावानं बिडी कामगार बायकांची दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली, ती या मान्यतेच्या आणि दीर्घ लढ्याच्या बळावर.

खानावळवाली या दोहोंच्या मध्ये कुठेच बसत नव्हती. तिला मालक नव्हता, म्हणून ती कामगार नव्हती. तिचं दुकान नव्हतं, म्हणून ती व्यापारी नव्हती. घरी बसून काम करणाऱ्यांविषयीचा आंतरराष्ट्रीय करार १९९६ साली जिनिव्हात संमत झाला. त्यामागे इला भट यांच्या ‘सेवा’ संस्थेचे प्रयत्न होते. पण तोही मुख्यतः दुसऱ्यासाठी माल बनवून देणाऱ्या घरकामगारांचा. तोपर्यंत आमच्या चाळीतल्या खानावळी बंद होऊन दहा वर्षं उलटली होती.

७

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. या संपावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या मौखिक इतिहासात गिरणगावातल्या माणसांचे आवाज प्रथमच इतक्या संख्येनं एकत्र आले. राजनारायण चंदावरकरांनी त्याआधीच्या काळाबद्दल दाखवून दिलं होतं की गिरणगावातला संप गिरणीच्या दारात नव्हे, वस्तीत टिकतो. वाण्याची उधारी आणि शेजार यांवर टिकतो. आईची तिसरी वही त्या विधानाचा पुरावा आहे.

जानेवारीच्या पानावर अकरा नावं आहेत. फेब्रुवारीत नऊ. दोघे गावी गेले. मार्चपासून सहा. जमेची बाजू फेब्रुवारीपासून कोरी आहे, रेघा मात्र रोज पडलेल्या आहेत. एप्रिलमध्ये वाण्यानं उधारी बंद केली. त्याच आठवड्यात आईच्या कानातल्या कुड्या गेल्या आणि पुढच्या महिन्यात दोन पाटल्या. वहीत तशी नोंद आहे, ‘कुडी’ आणि पुढे आकडा. जूनअखेर पाऊस लागल्यावर उरलेले चौघे पेरणीला गावी गेले आणि रेघा थांबल्या. शेवटच्या पानावर आईनं सगळ्यांची बाकी मांडली आहे. एकूण ३,४२० रुपये.

ती माणसं बुडवणारी नव्हती. देवरूखवाला १९८७ साली आला, तेव्हा त्यानं अर्धे पैसे आणि तांदळाची गोण आणली होती. ‘उंच’ माणसाची बायको तो गेल्यावर दोनशे रुपये घेऊन आली आणि आईनं तिला शंभर परत दिले. १९९० पर्यंत १,९६० रुपये आले, असं वहीत दिसतं. उरलेल्या १,४६० वर आईनं एक आडवी रेघ मारली आहे. ती केव्हा मारली, हे शाईवरून कळत नाही.

संपाच्या काळात आईनं ‘वैनी’ म्हणून जेवू घातलं, असं आमच्या नातेवाइकांत आजही कौतुकानं सांगतात. मघाशी म्हटलेला एका बाजूचा तोटा तो हाच. दिराकडे वसुलीला कोण जाणार? नात्यामुळे ग्राहक मिळाले आणि नात्यामुळेच बाकी मागता आली नाही. माझं म्हणणं एवढंच की याला नुसतं वात्सल्य म्हणू नये. संपासाठी युनियननं काय जमवलं, गावाहून किती धान्य आलं, याच्या चर्चा होतात. लालबाग-परळच्या खोल्यांतून जी उधारी कायमची बुडाली, तीसुद्धा संपाला मिळालेली रक्कम होती. एका वहीवरून मी सगळ्या गिरणगावाचा आकडा काढणार नाही. पण एका खोलीतून १,४६० रुपये आणि दोन दागिने गेले, हे या वहीपुरतं पक्कं आहे.

संप अधिकृतपणे कधी मागे घेतला गेलाच नाही. वडिलांना पुन्हा बोलावणं आलं नाही. ते एका गोदामात रखवालदार झाले. आईनं खानावळ पुन्हा सुरू केली नाही, कारण जेवायला माणसंच उरली नव्हती. ती लोकांचे मसाले भाजून-कुटून देऊ लागली, दिवाळीत चकल्या-करंज्यांच्या ऑर्डरी घेऊ लागली. बँकेचं राहिलेलं कर्ज तिनं त्यातून फेडलं. शेवटच्या हप्त्याची पावती कर्जाच्या कागदाला टाचलेली आहे, १९८४ ची.

८

गिरण्यांच्या जमिनींवर कामगारांसाठी घरं देण्याची योजना पुढे आली, तेव्हा पात्रता ठरली ती १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर गिरणीच्या पटावर असण्याची. वडील तोपर्यंत गेले होते. आईनं अर्ज केला तो त्यांची वारस म्हणून, आणि नियमाप्रमाणे तो तसाच करायला हवा होता. त्या फॉर्मातही तिच्या स्वतःच्या कामासाठी जागा नव्हती. फॉर्म मीच भरला होता. तेव्हा ते माझ्या लक्षातही आलं नाही.

आज आमच्या चाळीच्या जागी टॉवर आहे. तिथल्या एका फ्लॅटमधून एक तरुण आई ऑफिसला जाणाऱ्यांचे डबे करते. ऑर्डर आणि पैसे दोन्ही मोबाइलवर, तेही आगाऊ. मी तिला आईची वही दाखवली. ती बराच वेळ पानं उलटत राहिली आणि म्हणाली, “काकू, यांनी महिनाभर उधार कसं दिलं?” मग मी तिला विचारलं, दिवसाचे किती तास जातात. तिनं बोटांवर मोजायला सुरुवात केली, मध्येच तिचा मुलगा रडला आणि मोजणी तिथंच राहिली.

वाचकांना एक विनंती आहे. गिरणगाव, सोलापूर, इचलकरंजी, मालेगाव, जिथं जिथं माणसं कामाला एकटी आली, तिथं कुणाच्या तरी आईनं किंवा आजीनं पंगती वाढल्या असतील. तिच्या हिशेबाच्या वह्या, वाण्याच्या चिठ्ठ्या, गहाणाच्या पावत्या घरात असतील तर रद्दीत घालू नका. अक्षर वाईट असेल, नावांऐवजी खुणा असतील, तरी चालेल. आधी झेरॉक्स काढा आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना त्या खुणांचा अर्थ विचारून पानाच्या कडेला लिहून ठेवा. आमच्या वहीतल्या ‘नाइटवाल्या’चं नाव मला ठाऊक नाही. ते सांगू शकणारी आई गेली आणि तिच्या हयातीत मी विचारलं नाही.

स्मरणिकेतलं माझं ते वाक्य आता असं वाचावं : आम्ही दोघं भावंडं वडिलांच्या पगारावर आणि आईच्या खानावळीवर शिकलो.